हाताचं माप

येरमाळा,
दि. १८ फेब्रुवारी १९८७

श्री. रा. रा. यांस नागूचा नमस्कार.

पाकिटावर तुमचं नाव लिहावंच लागलं, आत लिहीत नाही. इकडं सगळे बरे आहेत. पेरणीच झाली नाही, तेव्हा आबांच्या भट्टीवर फाळ घेऊन कुणी येत नाही. टँकर एक दिवसाआड येतो. म्हैस आटत आली आहे, पण विकली नाही. शांताक्कांना नमस्कार सांगा. तुमची खुशाली त्यांच्या पत्रातनं कळली. तुमच्या पत्रातनं कळली असती तर जास्त बरं वाटलं असतं.

तुमच्यासाठी लोखंडी हात करायचं काम मी सोडलेलं नाही. तुम्ही रागवाल म्हणून आजवर कळवलं नाही.

पहिला हात जड झाला होता, म्हणून या खेपेला जुन्या जर्मनच्या हलक्या पातेल्याचा पत्रा कापून बोटं केली. तांब्या उचलला तोवर ठीक होतं, घागर धरली तशी वाकली. मग पुन्हा लोखंडावर आले, पण पट्टी पातळ घेतली आणि पाच बोटांचा नाद सोडला. आबा म्हणाले, "अगं, माणसाच्या हाताला पाच असतात."

"धरायला तीन पुरतात," मी म्हटलं. दोन बोटं नि अंगठा. वर सायकलची ट्यूब चढवली, म्हणजे भांडं निसटत नाही.

डेअरीतल्या त्या दिवसाचं लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण ते सोडून पुढचं सांगता येत नाही. तुम्ही कॅन गाडीत चढवताना बोटं उघडली आणि गावाचं दूध मातीत गेलं. कुणी शब्दानं बोललं नाही, तेच तुम्हाला लागलं. हात काढून कट्ट्यावर ठेवलात, आणि सकाळी मला न सांगता बहिणीकडं मुरूमला जायला उमरग्याच्या गाडीत बसलात.

तुमची चूक नव्हती. मागनं तो हात मी माझ्या दंडाला बांधला आणि भरला कॅन धरून उभी राहिले. बोटं मिटलेली राहायला खांदा पुढं रेटून खांद्याकडची तार सतत ताणलेली ठेवावी लागत होती. खांदा दमला आणि बोटं सुटली. माझाही कॅन सुटला आणि पायावर पडला. नख गेलं, आता बरं आहे.

मग सगळं उलटं केलं. आता स्प्रिंग बोटं मिटलेलीच ठेवते, खांद्यानं तार ओढली तरच उघडतात. धरायला जोर लागत नाही, सोडायला लागतो. पहिली स्प्रिंग ढिली निघाली. दुसरी फार कडक, तिनं माझ्या आईच्या वेळचा चिनी मातीचा कप फोडला. मग आबांनी स्वतःच सायकलच्या मोडक्या सीटची स्प्रिंग शोधून आणली. ती बसली.

वरच्या आळीच्या धोंडीबाचा हात तुमच्यासारखाच कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या दंडाला बांधून पाहिला. पट्टा घासून कातडं सोललं, म्हणून आतनं गोधडीचं मऊ फडकं शिवलं. परवा त्यानं टँकरवर बादली भरली आणि थेट घरापर्यंत नेली. बायकांनी रांग मोडून त्याला वाट दिली. संध्याकाळी हात परत घ्यायला गेले, तर तो म्हैस दावणीला बांधत होता.

"नागू, म्या आता हे काढत न्हाय," म्हणाला. "मालकाला दुसरा कर."

मी दिला. तुमच्यासाठी केलेला हात दुसऱ्याला दिला, हे लिहायला इतका कागद घालवला. राग आला तर येऊ द्या. त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तुमच्या आठवणीनं रडू आलं, तेही घरी येऊन.

तुमचा हात करायला घेतला आहे. जुनं माप चालणार नाही, तुम्ही वाळलात असं अक्का लिहितात. कोपराखाली दोरा गुंडाळून, गाठ मारून पाकिटात घाला. चैत्रातल्या येडाईच्या जत्रेआधी दोरा आला नाही तर मी मुरूमला अक्कांकडं येईन. तुम्हाला आणायला येणार नाही, यायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा. माप घेईन, अक्कांच्या हातची भाकर खाईन आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर परत असेन.

हात मात्र मी करणार. घालायचा का नाही, ते तो समोर ठेवल्यावर सांगा.

कामाला लागलेली, तुमचीच,
नागू