कागद संपल्याची सूचना

४ एप्रिल १९८८
बागायतदार सोसायटीच्या कॉम्प्युटरचा चार्ज माझ्याकडे आला. अध्यक्ष आप्पांची अट एकच: आंब्याच्या पहिल्या ट्रकबरोबर पेट्यांची मराठी लेबलं छापून गेली पाहिजेत. नाहीतर चार्ज हेमाकडे. हेमा माझीच विद्यार्थिनी. तिच्या वह्या मी तपासल्या आहेत. काळजी नाही.

७ एप्रिल
प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहून झाला. कागद संपल्यास पडद्यावर इंग्रजीत 'पेपर आउट' असं यावं, हे हेमाचं मत. नामंजूर. सूचना अशी येईल: 'कागद संपलेला आहे. कृपया नवीन कागद लावून पुढील काम सुरू करावे.' मराठी अक्षरं चित्रासारखी काढायची म्हणजे मेमरी जास्त लागते. लागू दे. वेळ येईल तेव्हा मशीनकडे मागून घेऊ.

९ एप्रिल
हेमाची कुरकुर. कागद संपेल तेव्हा मेमरी लेबलांनीच भरलेली असणार, म्हणून सूचनेपुरती जागा सुरुवातीलाच राखून ठेवा, म्हणते. निदान मागितलेली मिळाली की नाही ते तरी बघा. वर मलाच विचारते, तहान लागल्यावर विहीर कशाला खणायची, बाई? असल्या म्हणी कोणी शिकवल्या, विचारलं. तुम्हीच, ऑफ तासाला, म्हणाली.
उद्धट.

१२ एप्रिल
पाच लेबलं छापून पाहिली. देखणी. कागद मुद्दाम संपवून बघूया, असा हेमाचा हट्ट. मी साफ नाही म्हटलं. प्रिंटरमागे कागदाचा अख्खा गठ्ठा असताना तो संपेलच कसा? मी चुका करत नाही. त्यांची तयारी कशाला करू?

१५ एप्रिल, सकाळ
ट्रक दारात. पेट्या भरून तयार. आप्पा खुर्ची टाकून समोर बसलेत. सुरुवात उत्तम.

१५ एप्रिल, दुपार
दमट हवेने कागद फुगून अडकला. प्रिंटरला वाटलं, संपला. ड्रायव्हरने सूचनेसाठी मेमरी मागितली. नव्हती. मिळाली असं समजून त्याने भलत्याच जागी लिहिलं आणि मशीन जागच्या जागी थिजलं. सूचना नाही, पुढची लेबलं नाहीत. पेट्या भरणारी चिमा म्हणाली, बाईंच्या मशीनीची वाचा बसली. ट्रकवाला शिवा म्हणे, आता आंबे हितंच पिकवा. सगळे हसले. आप्पासुद्धा.
दोष हवेचा आहे. उरलेली लेबलं हाताने लिहिली. माझं अक्षर सर्वांत चांगलं होतं, हे कोणी बोललं नाही.

१८ एप्रिल
चार्ज हेमाकडे. तिने सूचनेची जागा मशीन सुरू होतानाच राखून ठेवली. मग कागद मुद्दाम अडकवला. सूचना आली, कागद सोडवला, छपाई पुढे चालू. मी तिचा प्रोग्राम तपासला. चूक सापडली नाही. उद्या पुन्हा तपासते.

२० एप्रिल
हेमाने प्रिंटरजवळ माझ्यासाठी खुर्ची ठेवली आहे. कागद अडकला की मी सोडवायचा. मी आप्पांना स्पष्ट सांगितलं, कागदाचा संपूर्ण चार्ज माझ्याकडे राहील, त्यात कोणाचीही ढवळाढवळ चालणार नाही.
ते लगेच हो म्हणाले.