टर्बो गार होईपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०

हॉस्पिटलचं पार्किंग. बायको वर डायलिसिसला लागली. सोमवार आणि गुरुवार, दर खेपेला चार तास. तेवढा वेळ मी मोकळा, म्हणून ही वही. फक्त गाडीची. दुखणीखुपणी आणि घरची कटकट यात लिहायची नाही.

गाडी छोटी. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल. मेहुणा म्हणतो, दुधाच्या पिशवीएवढं इंजिन! म्हणू दे. स्वतः दोन हजार सीसीचं धूड घेऊन पार्किंग शोधत फिरतो.

मुख्य नियम आताच लिहून ठेवतो. टर्बोचं पातं मिनिटाला लाखावर फेरे घेतं. गाडी थांबली की लगेच किल्ली फिरवायची नाही. एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवायचं. तेल फिरतं, टर्बो गार होतो. शंभरात नव्व्याण्णव लोकांना हे माहीतच नाही. आमच्याकडे घड्याळ लावून साठ सेकंद. हिनेही तोवर उतरायचं नाही. दार उघडलं की माझं लक्ष जातं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इंजिन हल्ली काय शांत झालंय! नवीन होतं तेव्हा तीन सिलिंडरची घरघर यायची. आता लोण्यासारखं. सिग्नलला चालू आहे की बंद, काट्याकडे बघून ठरवावं लागतं. माझ्या हाताचा गुण. छापखान्यात रोटरी मशीनवर एकतीस वर्षं काढली. नुसत्या आवाजावरून सांगायचो कुठलं बेअरिंग गेलंय. माझे कान तिखट म्हणून मॅनेजर मला घरून बोलवायचा.

इंडिकेटरची टिकटिक मात्र बंद पडली आहे. मिस्त्रीला दाखवायचं.

१० फेब्रुवारी, सोमवार

हिला टर्बो लॅग समजावून सांगितला. ॲक्सिलरेटर दाबला की लगेच ताकद येत नाही. क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम गाडी उसळते. ही म्हणाली, तुमचं तसंच आहे. मी काही विचारते, तुम्ही नुसते बघता, मग दीड सेकंदाने काय म्हणून ओरडता. खूप हसली. हसल्यावर तिला धाप लागते, म्हणून विषय बंद केला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज आत नेताना हिचं वजन तीन किलोने जास्त. पाणी साठतं अंगात. दिवसाला मोजके कप प्यायची परवानगी, तेही ती खुणेच्या कपाने पिते. परतताना तीन किलो कमी. चढावर पिकअपमध्ये फरक स्पष्ट जाणवला. हिला सांगितलं. तिला त्यात काही गंमत वाटली नाही.

घरी पोचल्यावर आपलं मिनिट. ही काहीतरी बोलत होती. मी आरपीएमच्या काट्याकडे बघत होतो. शेवटी हो म्हटलं. हो म्हटलं की बरं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्रीकडे गेलो. बॉनेट उघडण्याआधीच म्हणे, काका, टर्बो शिट्टी मारतोय. मी म्हटलं, मला तर काही ऐकू येत नाही. त्याने बॉनेट उघडलं, पुन्हा तेच. मी वाकून, कान लावून ऐकलं. शिट्टी नाही की बिट्टी नाही. मग डिपस्टिक काढून काळं तेल दाखवलं. ऑइल बदलायला आठ महिने उशीर झालाय म्हणे. वर्षाला बदलायचं असतं. अहो, पण वर्ष म्हणजे चालवलेलं वर्ष! आमची गाडी घर ते हॉस्पिटल एवढीच जाते. इंडिकेटरची टिकटिक त्याला व्यवस्थित ऐकू येते म्हणे. सरळ थापा मारतो. एकतीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला आवाज शिकवतो!

ठराव: मिस्त्री बदलणे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मिनिट पाळलं. हिने पुन्हा काहीतरी लांबलचक सांगितलं. दोनदा मान हलवली. तिने रुमालाने डोळे पुसले. एसीची हवा थेट तोंडावर येते, जाळी फिरवायला हवी. फिरवली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज फुकटचा गोंधळ. हिच्या डाव्या हातात शीर आणि धमनी जोडून दिलेली आहे, त्यातूनच मशीनला रक्त जातं. सिस्टरने पूर्वीच शिकवलं होतं की रोज सकाळी त्या जागेवर कान लावायचा. घूं घूं आवाज यायला हवा. तो चालू आहे म्हणजे शीर चालू आहे. ते काम आजवर ही स्वतः बोट ठेवून करायची. मी म्हटलं, आवाजाचं काम माझं. सकाळी कान लावला. एकदम शांत, गुळगुळीत. गाडीसारखंच. सिस्टरला कौतुकाने सांगितलं की आता अजिबात आवाज येत नाही.

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. हिला खुर्चीवर बसवलं, डॉक्टरांना हाक, धावाधाव. हिचे ओठ कोरडे पडले. सिस्टरने स्टेथोस्कोप लावला, मग नुसता कान लावला. मग माझ्याकडे बघितलं. आवाज उत्तम येतोय म्हणे, दारातून ऐकू येईल एवढा. मला एक चिठ्ठी दिली, कानाच्या डॉक्टरांच्या नावाची.

हॉस्पिटलवाल्यांचा धंदाच आहे हा. पेशंट एक, तर नातेवाइकालाही लावून घ्यायचं. चिठ्ठी या वहीत खूण म्हणून छान बसते.

१ मार्च, शनिवार

दाराची बेल बिघडली. सोसायटीचे सेक्रेटरी दहा मिनिटं उभे होते म्हणे. तक्रार काय, तर सकाळी साडेसहाला माझी गाडी निघाली की शिट्टीने त्यांच्या घरचे उठतात. इतकी शांत गाडी आख्ख्या सोसायटीत नाही. पोटात दुखतं लोकांच्या.

इलेक्ट्रिशियनने बेल तपासली. त्याच्या मते ठीक आहे. आजकाल कामाची माणसंच उरली नाहीत.

६ मार्च, गुरुवार

मिनिटात हिने माझ्या हातावर हात ठेवला. काहीतरी विचारलं. चाळिसावा सेकंद चालू होता. समोर बघूनच हो, हो, अगदी, असं म्हटलं. तिने हात काढून घेतला. साठ झाले, किल्ली फिरवली. ती आधीच उतरून जिन्याशी पोचली होती. एकटीने चढली.

संध्याकाळी न जेवता झोपली. पथ्याचं जेवण आहे, कंटाळा येणारच.

१० मार्च, सोमवार

डॅशबोर्डवर तेलाच्या बरणीचा लाल दिवा लागतो. चढावर लागतो, सपाटीला जातो. म्हणजे सेन्सर सैल. ही त्याच्याकडे सारखं बोट दाखवते, माझं लक्ष विचलित होतं. दिव्यावर काळी टेप लावली. सुबक बसली.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ७.२५

उड्डाणपुलावर. गाडी जरा गरम झाली आहे. काळजीचं कारण नाही. दहा मिनिटांत गार होईल.

सकाळी ७.५०

निळा धूर कमी झाला. ही म्हणते, दोन किलोमीटर आधीपासून सांगत होते, वास येतोय, मागचे हॉर्न देतायत, थांबा. असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. टॅक्सी बोलवा म्हणते. मी असताना टॅक्सी कशाला?

सकाळी ८.३५

गाडी चालू होते पण ओढत नाही. हिला मागच्या सीटवर आडवं होता येत नाही, आडवं झालं की श्वास लागतो. बसून आहे. ओठ निळसर दिसतात. काचेला फिल्म आहे, त्यामुळे तसं वाटत असेल.

एक पाववाला व्हॅन थांबवून उतरला. त्याने मला विचारलंही नाही. हिला उचलून व्हॅनमध्ये पुढे बसवलं आणि हॉस्पिटलला घेऊन गेला. मी गाडीपाशी थांबलो. भर पुलावर गाडी सोडून कसं जाणार?

१५ मार्च, शनिवार

वही घरी आणली. गाडी टो करून खाली लावली आहे.

हिची मशीनची वेळ त्या दिवशी टळली. छातीत पाणी झालं. दोन दिवस आयसीयूत. तोंडावर ऑक्सिजन. काचेतून बघू देतात. तिने एकदा काहीतरी म्हटलं, मास्क हलला. काचेतून कुणालाच ऐकू आलं नसतं.

लेक आली आहे. माझ्याशी बोलत नाही. की बोलते आणि... नाही, बोलत नाही.

१९ मार्च, बुधवार

ही वॉर्डात आली. उशीला टेकून बसते.

आज लेकीने कागदावर लिहून दाखवलं, म्हणजे तिला मोठ्याने बोलायचं नव्हतं म्हणून. आईला ती तिच्या गावी नेते आहे. तिच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर डायलिसिस सेंटर निघालंय. नेणार तेही कायमचं. मी म्हटलं, मला न विचारता? लेकीने लिहिलं, बाबा, आईने तुम्हाला तीनदा विचारलं. गाडीत. तुम्ही तिन्ही वेळा हो म्हणालात.

हिच्याकडे बघितलं. ही छताकडे बघत होती. मग लेकीच्या आडून, माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलली. ओठ दिसले म्हणून सगळं कळलं. तिला जायचंच नव्हतं. मी नको म्हणेन, म्हणून विचारत होती. शेवटच्या वेळी हातावर हात ठेवून विचारलं, मी गेले तर चालेल का तुम्हाला? आणि मी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. हो, हो, अगदी, म्हणालो.

आता खरं सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं की मला ऐकू आलं नाही. चार शब्द. लेक उभी, सिस्टर उभी, बाजूच्या कॉटवरची बाईसुद्धा बघत होती.

मी म्हटलं, विचार करूनच हो म्हटलं होतं. तिच्या सोयीसाठी.

तिने डोळे मिटले.

२३ मार्च, रविवार

गेली. लेकीच्या गाडीतून. पुढच्या सीटवर, डाव्या हाताखाली घडीचा टॉवेल. लेकीने गाडी चालू करून लगेच सोडली. इंजिन गरमही होऊ दिलं नाही.

२७ मार्च, गुरुवार. सकाळी ६.३०

सवयीने खाली आलो. गाडीत नुसताच बसलो. सेक्रेटरी गॅलरीत होते. आज काही तक्रार नाही त्यांची.

२ एप्रिल, बुधवार

वहीत खूण म्हणून ठेवलेली चिठ्ठी घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. फक्त सिस्टरची चूक दाखवायला. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ आवाजच सुरू झाला नाही, म्हणून दाबलं नाही. बाहेर आलो तर तपासणी संपली होती.

छापखान्याने नेले म्हणे कान. दहा-बारा वर्षं हळूहळू जात असावेत.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ६.४५

कानाची मशीन मिळाली. चिमूटभर वस्तू, मेहुणा बघेल तर दाण्याएवढी म्हणेल. आधी घरात ऐकलं. फ्रिज ओरडतो. नळ गळतो. बेल वाजते, चांगली कर्कश वाजते.

मग खाली येऊन गाडीत बसलो. चालू करू नका असं मिस्त्रीने बजावलंय. केली. देवा! खडखड, किरकिर आणि वर ती शिट्टी. हे असलं घेऊन मी तिला आठवड्यातून दोनदा नेत होतो, आणि ती शेजारी बसून सगळं ऐकत होती. इंडिकेटर लावला. टिकटिक चालू आहे.

तिला फोन केला. आज सोमवार, ती साडेसातला निघते. घड्याळात न बघता सांगून टाकलं: मला ऐकू येत नव्हतं गं. तिन्ही वेळा. एकदाही ऐकू आलं नाही. ती काही बोलली नाही. पूर्वी मला वाटलं असतं की बोलली असेल. आता मशीन आहे, नाही बोलली हे नक्की कळलं.

मग म्हटलं, फोन डाव्या हातावर ठेव, त्या शिरेवर. मला तो आवाज ऐकायचाय. ती बरं म्हणाली. आणि खरंच ऐकू आलं! घूं घूं, घूं घूं, एका लयीत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ओरडून सांगितलं, येतोय, स्पष्ट येतोय. फोनमधून तिचा आवाज आला. अहो, अजून ठेवलाच नाही फोन. टॉवेल सोडतेय. एक मिनिट थांबा.

म्हणजे तो गाडीचा होता. मिनिटबिनिट न बघता किल्ली फिरवली. टर्बो जळाला तर जळो. सगळं शांत झालं. तिने फोन ठेवला असावा हातावर, घासल्याचा आवाज आला. मी श्वास रोखून ऐकलं. मशीनचा आवाज वाढवला. मग फोन दुसऱ्या कानाला लावून ऐकलं.

बऱ्याच वेळाने तिने फोन परत कानाशी घेतला. आला का, विचारलं. या वेळी मी हो म्हटलं नाही. नाही आला, म्हटलं. ती म्हणाली, फोनमधून नाही येत तो. कान लावावा लागतो.