कादंबरीतल्या दासीच्या चोरीवरून नाकारलेली खोली

प्रति,
मा. कार्यवाह,
निराधार वृद्ध स्त्रियांचे निवासगृह,
टॅलो लेन, बाथ.

विषय : कादंबरीतील दासीच्या चोरीवरून मला नाकारलेली खोली मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले गेल्या आठवड्याचे नकारपत्र.

महोदय,

मी टॅबिथा पोकॉक. लेखिका मिसेस थर्लो यांच्याकडे त्यांच्या मरणापर्यंत दासी होते. घराच्या नव्या मालकाने मला बाहेर काढले. सध्या त्याच्या तबेल्यात झोपते. तिथे हिवाळा निघणार नाही, म्हणून खोली मागितली होती.

आपल्याला मालकिणीकडून वर्तणुकीचा दाखला हवा. मालकीण वारली. मग निवासगृहाच्या मंडळाने तिची कादंबरी मागवली, तीत दासी लेस चोरून विकते असे वाचले आणि तोच माझा दाखला धरला. बैठकीत आपल्या पत्नी म्हणाल्या, "बाई काय हवेतून लिहितात का? ती चोरटी म्हणजे हीच." मी दाराशीच उभी होते.

लेस मी विकली हे खरे. बाईसाहेबांनीच आपली लेस देऊन पाठवले म्हणून विकली. बड्या पाहुण्यांसमोर मेणबत्त्या जळायला हव्या होत्या, त्यांना पैसे नव्हते, आणि त्यांनी स्वतः दुकानात जाणे शोभले नसते. पुस्तकात त्यांनी ते माझ्या अंगावर ढकलले. खानदानी बाई लेस विकताना वाचकांना बघवत नाही.

म्हातारपणी मी अक्षरे शिकले ती हेच पुस्तक वाचायला. नायिका, म्हणजे बाईसाहेबच, खिडकीशी उभी राहून पानेच्या पाने विचार करते. मागे दासी गरम पाण्याचे भांडे धरून उभी. तिच्या मनात काय आहे, याची एक ओळ नाही. मी विचारले तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "अगं, तिला विचार कशाला? तिला भांडं धरायचंय." ते भांडे मी धरले होते. पाणी निवत होते आणि ते पुन्हा तापवायला सगळे जिने मलाच उतरायचे होते. बाईसाहेबांचे दुःख एवढेच, की नाचाचे आमंत्रण उशिरा आले होते.

मंडळात शिकलेली माणसे आहेत. कादंबरी कोणती आणि दाखला कोणता हे त्यांना कळत नसेल तर ते शिकवण्याचे माझे वय राहिले नाही.

मात्र पुस्तकावरूनच निकाल द्यायचा तर पुरता द्यावा. शेवटच्या प्रकरणात ती दासी पश्चात्तापाने झुरून मरते. तरी मला खोली द्यावी, नाहीतर कबर खणून ठेवावी. सोमवारी सकाळी गाठोडे घेऊन येत आहे. दोन्हींपैकी जे तयार असेल त्यात ते ठेवीन.

अद्याप जिवंत असलेली,
आपली नम्र,
टॅबिथा पोकॉक

बाथ, ऑक्टोबर १७८९

सोबत : कादंबरीचा तिसरा भाग. दासीच्या मरणाचे पान दुमडले आहे. वाचून परत करावा.