नेझबीच्या मँडरीनची खरी आई

नेझबी,
जूनचा दुसरा शनिवार, ऐन हिवाळा, सकाळी उणे नऊ अंश

तीर्थरूप नायरीताईस,

धाकट्या ॲथलचा, पायांत दोन-दोन मोजे चढवून, नमस्कार. तुझी तब्येत उत्तम असणार असं धरून चालतो, कारण उत्तरेच्या उबेत, केरीकेरीत राहणाऱ्या माणसाला आजारी पडायला कारणच काय? तुझा गुडघा, तुझा आंधळा कुत्रा आणि फळांच्या शेडचं गळकं छप्पर यांची खुशाली कळवावी. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काहीही नाही. नळ गोठलाय, कोंबड्या रुसल्यात, आमच्या सौ. नोलीनचं कंबरेचं हाड सकाळी दरवाज्याच्या बिजागरीसारखं वाजतं, आणि मी गावात तोंड दाखवायच्या लायकीचा उरलेलो नाही. (गाव एवढंसं, त्यामुळे तोंड न दाखवता दूध आणणंही अवघड.)

आपला करार तुला आठवत असेलच. झाड तुझंच होतं आणि साक्षीदारही तूच. नऊ वर्षांपूर्वी ईस्टरला तू ते मँडरीनचं कलम मांडीवर घेऊन विमानाने आलीस, आणि त्याच संध्याकाळी नोलीनने विषय काढला, की नायरीच्या बागेमागचं छोटं घर रिकामं आहे, माझ्या हाडांना आता इथले हिवाळे झेपत नाहीत, चल तिकडे. मी म्हणालो, जिथे मेंढरं जगतात तिथे माणूसही जगतो. तू म्हणालीस, "मेंढराला लोकर असते रे, शहाण्या." मग तावातावाने मी म्हणालो की इथे तुझं मँडरीनसुद्धा जगवून दाखवतो. आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहून आपण तिघांनी सह्या केल्या: दहा हिवाळ्यांच्या आत या झाडाचं एक अख्खं फळ एका शहाण्या माणसाने तोंड वाकडं न करता खाल्लं तर इथेच राहायचं, नाहीतर घर विकून उत्तरेला जायचं. हा दहावा हिवाळा. ते कॅलेंडर अजून स्वयंपाकघराच्या दाराला आहे, पाठ वर करून.

मला इथून का हलायचं नव्हतं, हे मी कधी सांगितलं नाही, आता सांगतो. एकतीस वर्षं मी रस्त्याचं ग्रेडर यंत्र चालवून या रस्त्यांवरच्या बर्फावर खडी टाकली. इथली थंडी माझ्या ओळखीची आहे, तिच्या खोड्या मला ठाऊक आहेत. आणि तू एकोणिसाव्या वर्षी गाव सोडताना बसच्या पायरीवरून ओरडली होतीस, "इथे मेंढरं आणि आपला काका सोडून काही उगवत नाही!" ते मला लागलं होतं. सगळ्या बसने ऐकलं होतं. निवृत्त झालो त्या दिवशी मी पहिलं ताडाचं बी पेरलं.

बी पेरलं म्हणजे काय केलं, तर ओल्या भुशात घालून पिशवी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवली. सारं दक्षिण बेट त्या कपाटात टॉवेल वाळवतं, आमच्या कपाटात ताड रुजत होते. बी रुजायला तीन महिने लागतात, आणि त्या काळात कपाट उघडं ठेवून चालत नाही, म्हणून नोलीनचे कपडे बाहेर दोरीवर, आणि दोरीवर ते गोठून पाटासारखे उभे. चर्चच्या बायका चहाला आल्या तेव्हा तिचा झगा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा होता आणि एकीने त्याला गुड मॉर्निंग म्हटलं. चाळीस बियांतला एक ताड वाचला. तो आज सतरा वर्षांचा, टोपी घातलेल्या माझ्याएवढा. हिवाळ्यात त्याला मी लोकर गुंडाळतो, वर पोती, आणि पोत्यांच्या आत (हे तुला ठाऊक नाही) नोलीनचं इलेक्ट्रिक ब्लँकेट. चार वर्षांपूर्वी ती ते घरभर शोधत होती. संध्याकाळी कोंबड्या कोंडायला गेली तेव्हा तिला वायर दिसली. वायरीच्या मागोमाग ताडापर्यंत गेली आणि बटण बघून शांतपणे म्हणाली, "तीनवर?" मी म्हणालो, हिम फार होतं. ती म्हणाली, "मला बावीस वर्षांत तू दोनच्या वर जाऊ दिलं नाहीस." मी कोंबड्या मोजायला लागलो.

आता मुख्य दुःखाकडे येतो. तुझं मँडरीन पहिल्याच हिवाळ्यात पार बुंध्यापर्यंत काळं पडलं. मी तीन दिवस जेवलो नाही (संध्याकाळचं सूप सोडून). पण वसंतात बुंध्याशी हिरवा कोंब फुटला, आणि ताई, काय कोंब तो! उणे चौदातही हूं की चूं नाही. अंगठ्याएवढे काटे आले, एका देठाला तीन-तीन पानं आली, हिवाळ्यात सगळी पानं गळून गेली. मी फोटो पाठवला तेव्हा तू विचारलंस, "हे काटे कसले?" मी कळवलं की थंडीत राहून कोणीही काटेरी होतं, नोलीनच्या मावशीला आठव. तीन पानांबद्दल माझं म्हणणं असं होतं की झाडाने थंडीसाठी तीन-तीन कपडे घातलेत. हे मी मंडळाच्या सभेत उभं राहून, छातीवर हात ठेवून सांगितलं.

मंडळ म्हणजे आमचं थंडीतल्या ताड-लिंबूवाल्यांचं. मी धरून बारा सभासद, सगळे घरच्यांनी ओवाळून टाकलेले. अध्यक्ष लिंडसे मकॉर्किंडेल, अलेक्झांड्रा गावचा, गुरांचा निवृत्त डॉक्टर, बोलायला हळू आणि म्हणून जास्त धोकादायक. बियांची देवघेव टपालाने, मंडळाबाहेरच्यांशीही चालते आणि नियम एकच, पण कडक: प्रत्येक पाकिटावर आईचं (म्हणजे बी देणाऱ्या झाडाचं) नाव, गाव, तिने सोसलेली सर्वांत मोठी थंडी, आणि खाली सही, की 'आई मी स्वतः पाहिली आहे'. कोणाच्या तरी चुलतभावाने सांगितलेल्या झाडाचं बी चालत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या झाडाला पाच फळं लागली आणि पिकायच्या आधी पडली. मी चाखली नाहीत, कारण कच्ची होती आणि कारण बी जिवापेक्षा मोलाचं. पाच फळांत दीडशे बिया! (तेव्हाच शंका यायला हवी होती.) इन्व्हरकारगिलपासून वेलिंग्टनपर्यंत मी एकोणीस पाकिटं पाठवली: 'मँडरीन, नेझबी, उणे चौदा. आई मी स्वतः पाहिली आहे. ॲथल गेडिस.' बदल्यात इतकी पत्रं, इतक्या बिया आल्या, की मला वाटलं, आता बसच्या पायरीवरचं तुझं ते वाक्य पुसलं गेलं.

यंदा चौदा फळं धरली आणि पिकली. मी गेल्या शनिवारी सगळं मंडळ बोलावलं, कराराची फेड चारचौघांसमोर व्हावी म्हणून. नोलीनने चीज रोल केले. आल्या-आल्या सगळ्या पुरुषांना रिवाजाप्रमाणे झाडाच्या मागे लघवीला पाठवलं (लिंबाच्या झाडाला घरधन्यांनी काय द्यायचं असतं हे तुला सांगायला नको, आपल्या बाबांनी आयुष्यभर दुसरं खत वापरलं नाही). मग मी पहिलं फळ तोडलं. अक्रोडाएवढं, पिवळं, अंगावर पीचसारखी लव. लिंडसेने ते हातात घेतलं, हुंगलं, आणि तो झाडापाशी गुडघे टेकून बसला. बुंध्याजवळची माती बोटाने उकरली. तिथे जुन्या कलमाची गाठ होती, गाठीच्या वर काळा मेलेला ठुणका, आणि माझं सगळं झाड गाठीच्या खालून आलेलं. तो म्हणाला, "ॲथल, नायरीचं मँडरीन हे वरचं. ते पहिल्याच हिवाळ्यात वारलं. तू वाढवलास तो खालचा खुंट. जंगली त्रिदल, ज्यावर कलम बांधतात ते काटेरी लिंबू. याला मारायला कुऱ्हाड लागते, थंडी नाही." मग फार हळू म्हणाला, "आई नीट पाहायला हवी होतीस."

ताई, अकरा जण माझ्याकडे न बघता कोंबड्यांकडे बघत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तरी रीत म्हणून सगळ्यांनी एकेक फोड तोंडात घातली. मंडळातला सगळ्यात तगडा, डुनेडिनचा गडी डोळे पुसायला भिंतीमागे गेला. लिंडसेने रुमालात थुंकलं. मी गिळलं, आणि अजून गिळतोच आहे. रॉकेलमध्ये भिजवलेली साल, एवढंच सांगतो. करार हरलो होतो, मंडळात तोंड उरलं नव्हतं, आणि एकोणीस घरांत एकोणीस माणसं माझ्या सहीवर विश्वास ठेवून जंगली काटे कुंडीत जपत होती.

तेवढ्यात नोलीन काठी टेकत आली. माझ्या हातातलं फळ घेतलं, सोललं, आणि उभ्या-उभ्या खाल्लं. फोडी मोजून सात. प्रत्येक बी हातात काढून घेतलं. तोंड तसूभर वाकडं झालं नाही. मग म्हणाली, "बरं आहे की! थोडं आंबट, इतकंच. चहा कोण घेणार?" आणि वळून आत गेली. लिंडसेने टोपी काढली. म्हणजे, कराराप्रमाणे मी जिंकलो. इथेच राहायचं.

मी मागून आत गेलो तेव्हा ती मोरीशी उभी राहून चूळ भरत होती. चौथी की पाचवी. मी दिसताच नळ बंद करून म्हणाली, "कप काढ." मी कप काढले. दहा हिवाळे मी झाडाकडे बघत होतो, ताई. तिच्याकडे बघायला हवं होतं, एवढं आता कळतंय.

पत्र लांबलं. तुझ्या कुत्र्याला थोपटावं.

तुझा धाकटा,
ॲथल

ता. क. एकोणीस पत्रं लिहून झाली. प्रत्येकात एकच ओळ: 'आई चुकली, क्षमस्व.' वेलिंग्टनच्या बाईंचं उत्तरही आलं. त्या म्हणतात, रोप फार छान आलंय, काढणार नाही.

ता. क. दुसरा. तुझं ते बागेमागचं घर अजून रिकामं आहे का? आम्हाला यायचं आहे. पण मी तसं म्हणालो तर तिला कळेल की मला सगळं कळलं, आणि ते फळ तिने फुकट खाल्लं असं होईल. म्हणून तू असं लिही की तुझा पाय मोडलाय आणि सोबतीला माणूस हवं. पाय मोडल्याचं जरा सविस्तर लिही. ताड इथेच राहील. मी विचारलं नाही त्याला.

नायरी, खालचं अक्षर माझं, नोलीनचं. गावात तोंड दाखवायला नको म्हणून पत्र पेटीत टाकायला त्याने माझ्याकडे दिलं, आणि नेहमीप्रमाणे चिकटवायला विसरला. ते फळ भयंकर होतं. जीभ अजून बधिर आहे. पण तो तिथे रडायच्या बेतात होता, आणि त्याला रडताना पहिल्यांदा बघणारे ते अकरा जण असावेत हे मला पटेना. घर रिकामं असेल तर बोलाव. पण पाय मोडल्याचं लिहू नकोस, तो तुला केक पाठवेल आणि सोबतीला मला एकटीला. असं लिही, की तुझ्या मँडरीनांवर हिम पडलंय आणि तिकडे झाड गुंडाळायची अक्कल कोणाला नाही. तुझं पत्र घडी करायच्या आत तो लोकर घेऊन दारात येईल. आणि हे त्याला सांगू नकोस: परवा त्याने ते ब्लँकेट गुपचूप माझ्या पलंगावर आणून घातलं, बटण तीनवर. सकाळी ताड पांढरा पडला होता. मी ताडाला माझा चर्चचा कोट घालून आलेय. तिकडे कोट लागत नाही, असं तूच म्हणाली होतीस ना?