मशीनला यांचं नाव हवं

२ डिसेंबर, सोमवार
मला कोणी विचारतच नाही! यांचं खुब्याचं हाड मोडलं, शहाद्याला दवाखान्यात नेलं, आणि योगेंद्रला आता आई आठवली. म्हणे, बाबांना एक औषध चालत नाही, मागे अंग सुजलं होतं, ते कोणतं? कळल्याशिवाय डॉक्टर गुरुवारी ऑपरेशन करणार नाहीत. यांना विचारलं तर गुंगीत हसतात.

सोपं आहे. यांच्या मेडिकल दुकानातला जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत आहे. गावात कोणाला काय चालत नाही, सगळं त्यात. अर्ध्या तासाचं काम. नातीला, चेतनाला बजावलं, मशीनला हात लावायचा नाही.

३ डिसेंबर, सकाळी
काळा पडदा. माउस नाही. यांची चिठ्ठी चिकटवलेली: आधी 'दवा' लिहा, जागा सोडा, त्याच ओळीत पेशंटचं नाव, एंटर. इंग्रजी अक्षरं मला औषधांच्या खोक्यांवरून येतात.
नुसतं दवा टाकलं. नाव द्या म्हणतो.
दवा मालक टाकलं. असा पेशंट नाही म्हणतो. मशीन म्हातारं झालंय.

दुपारी
'दवा चेतना हिचे आजोबा' टाकलं, तर हा पहिलं नाव घेतो, पुढचं सोडून देतो. चेतनाचं जंताचं औषध निघालं! चेतना मागे उभी. म्हणाली, "आजी, त्यास्नं नाव टाक ना. मशीन काय तुन्ही सासू शे का?"
बावन्न वर्षांपूर्वी लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढं पुरे. तिला बाहेर काढलं. नावाचा प्रश्नच नाही. कीबोर्ड खराब आहे.

४ डिसेंबर, बुधवार
योगेंद्रचा फोन. मागे यांचं कण्हणं ऐकू आलं. मुद्दाम फोन जवळ धरला असणार.
कीबोर्ड ओल्या फडक्याने पुसला.

दुपारी चार
दार लावून घेतलं. नाव मी घेतलं नाही. तोंड बंद होतं. बोटाने काय केलं ते बोटाला माहीत.
लगेच उघडलं. सल्फाच्या गोळ्या चालत नाहीत. खाली यांनी लिहिलंय: बायकोला तीनदा सांगितलं आहे, ती विसरणार नाही.
आठवलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते.

चेतनाने योगेंद्रला गोळीचं नाव कळवलं. आता कुठे सापडलं विचारायला त्याचा फोन येईल. तो चेतनानेच घ्यायचा. मशीनमध्ये, एवढंच सांगायचं. खालची ओळ वाचायची नाही.