बेस गिटारचा बिबट्या

आदरणीय रंगनाथमामा यांस,

तुमचा भाचा सिद्धोधन याचा, तुमच्या बहिणीचा, तुमची भाचेसून संघप्रिया हिचा आणि (विचारून लिहितो आहे) तुमच्या दाजींचाही सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी दिलेलं तेल लावता की बाटली नुसती उशाशी ठेवता? लातूरला थंडी कितपत आहे? इकडं पालम भागात सकाळी अंघोळीला जाणारा माणूस आधी घरच्यांचा निरोप घेतो. आईचा दमा यंदा बरा आहे. बाबा ठणठणीत आहेत, इतके की रोज सकाळी कुणावर तरी चिडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. मी शाळेत गणित शिकवतो ते चालूच आहे आणि मुलांना ते येत नाही तेही चालूच आहे. एकंदरीत सुखी आहोत. तरी मधल्या काळात मी गावात बिबट्या आणला, ती हकीकत तुमच्या कानावर दुसऱ्याच्या तोंडून जाण्याआधी माझ्याच हातून जावी म्हणून हे पत्र.

तुम्ही ऑर्केस्ट्रा सोडताना मला दिलेली बेस गिटार मी अजून वाजवतो. गायनपार्टीत माझी जागा पक्की आहे, ढोलकीच्या मागं, खांबाला लागून. पण मामा, तुम्ही आयुष्यभर हेच वाद्य वाजवलंत, तेव्हा तुम्हाला काय सांगावं. ढोलकीवाल्याला लोक पैसे ओवाळतात, हार्मोनियमवाल्याला चहा आणून देतात, आणि मला, हिच्या चार तारा मोजून, विचारतात, "मास्तर, हिच्या दोन तारा कुठं तुटल्या?" कार्यक्रम संपल्यावर एका पाहुण्यानं माझं कौतुक केलं होतं, तुम्ही छान उभं राहता म्हणून. बेस वाजत असते तोवर कुणाला ऐकू येत नाही, थांबली की मात्र सगळे इकडंतिकडं बघतात, काहीतरी गेलं म्हणतात, आणि जनरेटर तपासतात. अशात परभणीला लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करणारा माझा मित्र हरिओम यानं माझ्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि म्हणाला, याच्यात तुझी बेस घालून बघ, ओळखू येणार नाही. (मी म्हणालो, ती तशीही कुणी ओळखत नाही.)

त्या सॉफ्टवेअरचं असं आहे. आपण एक तार छेडायची, तो आवाज रेकॉर्ड करायचा आणि त्याच्या पोटात टाकायचा. ते त्या आवाजाचे दाणे करतं. दाणे म्हणजे अगदी दाणे, एकेक इतका बारका की सुटा ऐकला तर नुसतं टिक्. मग आपण ठरवायचं, दाणा मोठा ठेवायचा की बारीक, दाट पेरायचा की विरळ, सरळ की उलटा, आवाजाच्या तोंडाकडचे दाणे उचलायचे की शेपटाकडचे, आणि ते डाव्या कानात पडू द्यायचे की उजव्या. पापणी लवेपर्यंत विरणारा सूर यात चहा उकळेपर्यंत लांबवता येतो, आणि लांबवला म्हणून खाली घसरत नाही. (टेपचे सेल उतरले की गाणारा कसा झोपेत बोलल्यासारखा व्हायचा, तसं होत नाही.) हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे धडधाकट जवारी न्यायची अन् भरडा करून आणायचा." मी हो म्हणालो. "मग जवारीच बरी की," म्हणून ते उठून गेले.

पहिले काही दिवस नुसते खेळण्यात गेले. दाणे मोठे ठेवले की बेस तोतरी बोलायची. फार बारीक केले की गांधीलमाश्यांच्या पोळ्यात डोकं घातल्यासारखं व्हायचं. विरळ पेरले तर पत्र्यावर चिंचोके पडावेत तसा आवाज, आणि उलटे लावले तर कुणीतरी श्वास आत ओढतंय आणि सोडतच नाहीये असं वाटायचं. मला त्यातलं सगळंच आवडत होतं. पण खालचे सूर लागले की मांडणीवरचे स्टीलचे पेले हलत हलत कडेला यायचे, आणि एक दिवस डाळीचा डबा खाली आला. संघप्रियानं डाळ भरली, झाडून घेतलं आणि माझं लॅपटॉप, बेस, वायरी सगळं एका पोत्यात नीट बांधून दारात ठेवलं. "आखाड्यावर जागा लय हाय," एवढंच म्हणाली.

आपल्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याला लागून, पत्र्याची खोली आहे, मोटारीसाठी लाइट आहे आणि ऐकायला फक्त आपला बैल आहे. गायनपार्टीचे दोन मोठे स्पीकरही तिथंच पडून असतात. मी शाळा सुटली की थेट तिकडं जायला लागलो. त्या दिवशी मी सगळ्यात जाड तारेवर नखानं खर्र असं ओढलं, त्याचे मध्यम दाणे केले, सूर आणखी खाली नेला, दाट पेरले, आणि जरा इकडचे तिकडचे उचलू दिले. मामा, जो आवाज आला तो आधी पोटात आला आणि मग कानात. घोगरा, ओला, आतून फिरत येणारा. मला भरून आलं. मोकळ्यावर तो कसा पसरतो बघावं म्हणून मी दार उघडलं, स्पीकर रानाकडं वळवले आणि आवाज पूर्ण वाढवला. दिवस मावळायला आला होता. त्याच वेळी आपल्या बांधाशेजारचा सूर्यभान मोटारसायकलीवर कडब्याच्या पेंढ्या लादून चालला होता. मला तो दिसला नाही. नंतर दिसली ती आडवी पडलेली मोटारसायकल. मला वाटलं, कुणी विधीला थांबलंय. मी सभ्यपणे दार लोटून घेतलं.

घरी येईपर्यंत गावात बिबट्या आला होता. सूर्यभान पळत, चप्पल टाकून, चावडीपर्यंत गेला होता. गावाच्या ग्रुपवर बिबट्याचा फोटोही फिरायला लागला होता. (त्या फोटोत मागं बर्फ होता. आपल्या तालुक्यात बर्फ फक्त रसवंतीत असतो, पण घाबरलेला माणूस बिबट्याच्या मागचं बघत नाही.) मला त्याच क्षणी कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर निम्मं कळलंही. पण उरलेल्या निम्म्याला वाटलं, असेलही बिबट्या. दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला एकही बाई रानात गेली नाही. बोंडं तशीच लोंबायला लागली, त्यात सगळ्यात जास्त सूर्यभानचीच. शेळ्या घरात, लेकरं घरात, आणि म्हातारे काठ्या घेऊन ओट्यावर.

वनखात्याच्या एक वनरक्षक बाई पाहणीला आल्या. शांत बाई. त्यांनी बांध पाहिला, तिथं सापडले ते कुत्र्याच्या पायांचे ठसे आणि सूर्यभानची चप्पल. मग त्यांनी सूर्यभानला आवाज कसा होता ते विचारलं, आणि मीही गर्दीत पुढं सरकलो. सूर्यभान डोळे मिटून सांगायला लागला. "आधी पोटात घुमला बगा, म्याडम. मग मानंवर काटा आला. लय खोल आवाज. रागाचा न्हवता, दुखल्यासारका होता." मामा, पंधरा-वीस वर्षं मी ही बेस वाजवतोय. इतकं बारकाईनं मला कुणी ऐकलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "आवाज एकाच जागी होता, का डावीकडून उजवीकडं फिरत होता?"

"फिरत व्हता की, मास्तर. तुमाला कसं कळलं?"

"आणि शेवटी विरताना मधी मधी तुटत होता?"

"तसाच. तसाच तुटत व्हता."

मी समाधानानं मान हलवली. मागं वळलो तर संघप्रिया उभी. ती अंगणवाडीत आहे, खोटं लपवणारी तोंडं तिला रोज दिसतात. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग आखाड्याच्या दिशेनं पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "गावावर एवढं संकट आलंय अन् तुमचं तोंड का फुललंय?" घरी नेऊन तिनं पाणी दिलं आणि समोर बसली. मला वाटलं होतं ओरडेल. ती म्हणाली, "बायांची मजुरी बुडायलीय. तुम्ही सांगता का मी सांगू?"

मी सांगितलं. ग्रामपंचायतीसमोर स्पीकर लावले, लॅपटॉप उघडला, आणि बोलता येईना म्हणून सरळ आवाजच सोडला. पुढची रांग मागं गेली. मग मी बेस काढून तार खर्रकन ओढून दाखवली, दाणे कसे होतात ते दाखवलं, गणिताच्या तासाला शिकवतो तसं. फरक एवढाच की इथं सगळ्यांना कळलं. मला वाटलं आता मार बसतो. वनरक्षक बाई म्हणाल्या, "सर, परत एकदा लावता?" परत लावला, तेव्हा त्या हसायला लागल्या आणि मग म्हातारेही हसले. हसला नाही तो सूर्यभान. "मास्तर, तुमची गंमत झाली. माझा कडबा मोकाट गुरांनी खाल्ला," एवढं म्हणून तो निघून गेला. ते मला लागलं. मी दुसऱ्या दिवशी आपल्या गंजीतला कडबा नेऊन त्याच्या गोठ्यापुढं टाकला. त्याची बायको तो आत घेऊन गेली, सूर्यभान बाहेर आला नाही. आमच्या दोन्ही घरांचं येणंजाणं माझ्या जन्माआधीपासूनचं, आणि तो बांधावर मला बघून मान फिरवायला लागला. वाजवणं मी बंद केलं.

बंद केलं आणि रानडुकरं आली. हरभऱ्यात शिरली, ज्वारीची ताटं आडवी केली. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की मधल्या दिवसांत, मी रोज वाजवत होतो तेव्हा, आपल्या शिवारात एक डुक्कर फिरकलं नव्हतं. एका सकाळी सूर्यभान दारात आला. आत येईना. चौकटीकडं बघत म्हणाला, "मास्तर, ते तुमचं जनावर हाय न्हवं. माझ्या ज्वारीकडं तोंड करून लावता का?" मी म्हणालो, "लावतो की. चहा घ्या." त्यानं चहा घेतला. दुसरा कपही घेतला. मग म्हणाला, "मी पळालो ते काई भिऊन न्हाई. गाडीत पेट्रोल कमी व्हतं." आम्ही दोघांनीही ते मान्य केलं.

तेव्हापासून माझी बेस शिवारात रोज वाजते, मोबाइलवरून, मधी मधी, वेगवेगळ्या दाण्यांनी. कुणाला जाड आवाज पाहिजे, कुणी म्हणतं आमच्याकडं जरा रागीट लावा. परवा सूर्यभाननं हुरड्याला बोलावलं. आगटीभोवती सगळे बसले होते, लसणाची चटणी होती, बाबाही आले होते. सूर्यभान म्हणाला, भ्यायचं पुरे झालं, याच्यातलं बसून ऐकायचं काही हाय का. माझ्याकडं होतं. त्याच तारेचे दाणे, पण बारीक, विरळ आणि सावकाश, वाळल्या ज्वारीतून वारं गेल्यासारखे. लावलं. कणसं चोळणारे हात थांबले. संपल्यावर बाबा राख उकरत म्हणाले, "हे बरं हाय. याच्यात तुझं वाजवणं ऐकू येतंय." मामा, यापुढं कुणी तारा मोजल्या तरी मला काही वाटणार नाही.

मामींना आणि पोरांना जयभीम सांगा. थंडी आहे, कानाला रुमाल बांधत जा.

तुमचा,
सिद्धोधन

ता.क. पत्र बंद करायच्या आत सूर्यभान येऊन गेला. डुकरं परत आली आहेत. त्यांना आवाजाची सवय झाली. त्यातलं एक स्पीकरच्या खोक्याला अंग घासत उभं होतं आणि गाणं संपल्यावरच गेलं, असं तो म्हणतो. वर लिहिलेलं यश तेवढ्या मानानं कमी करून वाचावं.

ता.क. २. त्यावर बाबांनी एक उपाय सांगितला. म्हणाले, "डुकराला नवा आवाज पायजे. एक आवाज हाय. पण तो मानूस पोळ्यापासून आपला फोन उचलत न्हाई." तुम्ही झोपेत घोरता ते बाबांच्या मते कोणत्याही जनावराला सोसणार नाही, आणि मी त्याचे दाणे करून लावावेत अशी त्यांची सूचना आहे. पोळ्याला तुम्ही त्यांना म्हणाला होता ना, दाजी, तुम्हाला सुरातलं काही कळत नाही, त्याचं उत्तर त्यांनी लिहायला सांगितलंय ते असं, की सुरातलं कळत नाही हे खरं आहे, पण घोरण्यातलं कळतं. मामा, त्यांच्या तोंडून याहून जास्त माफी आजवर निघालेली मी ऐकलेली नाही.

ता.क. ३. आईनं हे सगळं वाचून घेतलं. ती म्हणते, डुकराचं खोडून टाक, नुसतं 'या' म्हणून लिही. खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून राहू दिलं आहे. पण मामा, या. आठ दिवस राहायच्या बेतानं या. आणि पलंगाखाली माइक दिसला तर दिसला नाही असं करा.