मफलरचं ताट परत आलं

रविवार, ३ मार्च. सकाळी ९.
लेक काल हॉस्टेलला परत गेली. जाताना तिच्या खोलीची किल्ली, आठ गोठवलेले उंदीर आणि मफलर माझ्या ताब्यात दिला. मफलर म्हणजे तिचा पाळीव अजगर. चार फूट. लहान जातीचा आहे म्हणे. मोठी जात बघायची माझी तयारी नाही.

सोबत एक कागद आहे. वजन १४०० ग्रॅम. आठवड्यातून एक उंदीर. कोमट करून द्यावा. जबरदस्ती करू नये. खाताना टक लावून बघू नये.

इस्पितळाच्या स्वयंपाकघराचा मी बावीस वर्षं सुपरवायझर आहे. रोज साडेतीनशे पेशंटना जेवू घालतो. मला कागद! पण घडी करून खिशात ठेवला. माझी लाइन सोडून ती प्राण्यांचं शिकायला गेली तेव्हा मी चार शब्द जास्त बोललो होतो. तेव्हापासून दोन वर्षं आमचं बोलणं 'आईला फोन दे' एवढ्यावरच आलेलं. तिने स्वतःहून माझ्यावर काही सोपवलं ते हे पहिलंच. २७ एप्रिलला येईल. मफलर ठणठणीत दिसला तर पूर्ण सुट्टी घरी राहीन, नाहीतर त्याला घेऊन मैत्रिणीकडे जाईन, असं म्हणाली.

पूर्ण सुट्टी राहणार. लिहून ठेवतो.

त्याच दिवशी. दुपारी १.
कोमट म्हणे! आजकालच्या मुलांना स्वच्छतेचं ज्ञान शून्य. मांसाचं आतलं तापमान पंचाहत्तर अंशांवर गेल्याशिवाय माझ्या किचनमधून ताट हलत नाही. कामावरचं सुईवालं थर्मामीटर घरी आणलंच होतं. उंदीर पातेल्यात उकळला. सुई खुपसली. सत्त्याहत्तर. उत्तम.

वास मात्र असा सुटला की खिडकीत जाऊन उभा राहिलो. शेपूट गळून पाण्यात तरंगत होती. शी.

मफलरने हुंगलं आणि तोंड फिरवलं. जागा बदलली की पेशंट पहिला दिवस जेवत नाहीत. अनुभव आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळी.
ते पातेलं दुधाचं होतं. हिने ते बाहेर नेऊन टाकलं. तुमचा एकही उंदीर माझ्या फ्रिजमध्ये राहिला तर मी राहणार नाही, असं सांगितलं. बायकांना एकूणच प्राण्यांची भीती.

सोमवार, ४ मार्च.
उरलेले सात उंदीर स्टीलच्या डब्यात घालून किचनच्या कोल्ड रूममध्ये ठेवले. आमच्याकडे लेबलशिवाय काही ठेवत नाहीत. 'विशेष आहार. पेशंट क्र. १. पूर्ण शिजवून द्यावा. रविवार.' नियम म्हणजे नियम.

थर्मामीटर तीन वेळा धुऊन जागेवर ठेवलं. अकरा वाजता मुख्य आचाऱ्याने तेच उचलून सूपमध्ये बुडवलं. माझ्या समोर.

आज सूप घेतलं नाही. उगाच. पोट जरा जड होतं.

रविवार, १० मार्च.
आज मीठ घालून पाहिलं. चिमूटभर. पंचाहत्तर अंश, दहा मिनिटं जास्त. कातडं सुटून आलं. चिमट्यात धरून तोंडासमोर नाचवला, 'हं, घे, घे' म्हटलं. अर्धा तास समोर बसून टक लावून पाहिलं. पेशंटवर नजर ठेवल्याशिवाय तो जेवत नाही.

जेवला नाही. ताट परत. तीन वर्तमानपत्रांत गुंडाळून कचऱ्यात टाकलं. साबणाने सात वेळा हात धुतले, तरी बोटांना वास आहे. दुपारचं जेवण राहू दिलं.

लेकीला फोन केला. मफलर जेवला का, विचारलं तिने. हो म्हणालो. फडशा पाडला. एवढी खूश झाली की पुढे पाच मिनिटं माझ्याशीच बोलली. खोटं नाही म्हणता येणार. पुढच्या रविवारी जेवेल, म्हणजे आगाऊ खबर.

आता रोज फोन करणार.

बुधवार, १३ मार्च.
मफलरची पेटी साफ केली. देवा. एवढी घाण मी गटार तुंबलं होतं तेव्हाही पाहिली नाही. पांढरं, चिकट, त्यात केस. नाकाला रुमाल बांधला तरी दोनदा मोरीत धावलो. तेवढ्यात त्याने माझ्या मनगटाला विळखा घातला आणि उरलेलं काम ऑफिसच्या शर्टावर उरकलं.

दहा दिवस अन्नाचा कण नाही आणि एवढा ढीग? जुना साठा असणार.

रविवार, १७ मार्च.
प्रेझेंटेशनमध्ये कमी पडत होतो. आज उंदराभोवती कोथिंबीर पेरली, कडेला काकडीची चकती. खासगी वॉर्डाचं ताट जसं लावतो तसं. ही दारात उभी राहून बघत होती. कौतुक असावं.

मफलर काकडीवर जाऊन झोपला.

शनिवार, २३ मार्च.
जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. टोपलीत घालून, झाकण दोन्ही हातांनी दाबून. वजन १५२० ग्रॅम. उपाशी प्राण्याचं वजन वाढतंय, म्हणजे सूज. त्यात पोटाच्या मध्यावर चांगली मोठी गाठ. मी स्वतः बोट लावून पाहिली. पचपचीत. बोट रुमालाला पुसलं.

डॉक्टर म्हणाला, ही गाठ नाही, हे जेवण आहे, कालच खाल्लेलं दिसतंय, तब्येत उत्तम. मी हसलो. काल शुक्रवार. शुक्रवारी मी संध्याकाळपर्यंत स्टॉक मोजत असतो. घरात फक्त ही, आणि ती त्या खोलीत पाऊल टाकत नाही. डॉक्टरने सापाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहिलं. तुमचं स्वतःचं जेवण कसं आहे, म्हणाला. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला! भिंतीवरची पदवी कुठली आहे ते वाचायला हवं होतं.

लेकीला सांगितलं, डॉक्टर म्हणाला तब्येत उत्तम. शब्दशः खरं.

रविवार, ३१ मार्च.
मफलर: ताट परत. पाचवं.
मी: पट्ट्याला नवीन भोक पाडलं. व्यायामाचा परिणाम. जिने फार चढतो.

आज कबूल करतो, कारण ही वही कोणी वाचत नाही. अन्नावरची वासना उडाली आहे. कामावर सालासकट उकडलेले बटाटे पातेल्यात एकमेकांवर पडलेले पाहिले आणि बाहेर आलो. राखाडी, ओले, फुगलेले. एकाला शेपूट आहेसं वाटलं. देठ होता.

घरी ही ताट वाढते, मी अर्धं बाजूला सारतो. ती उचलून नेते. लक्षात आलं नसावं.

सोमवार, ८ एप्रिल.
अनर्थ.

मुख्य आचारी लेबल वाचणारा माणूस. मीच शिकवलंय. कोल्ड रूममध्ये 'विशेष आहार, रविवार' लिहिलेला डबा सोमवारी दिसला तेव्हा त्याला वाटलं, पेशंट क्रमांक एक उपाशी राहिला. बिचाऱ्याने कढई तापवली, तेल सोडलं, मग डबा उघडला. दोन उरले होते. दोघांचे पाय वर.

तीस वर्षं सुऱ्या चालवणारा माणूस ओट्यावर चढून ओरडत होता. किचन दिवसभर बंद. फवारणीवाले आले आणि लेबल तेवढं पुराव्यासाठी काढून ठेवून डबा चिमट्याने उचलून घेऊन गेले. साडेतीनशे पेशंटना बिस्किटं वाटली.

चौकशी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली आहे.

मंगळवार, ९ एप्रिल.
सर्वांचे जबाब घेतले. माझाही घेतला. निष्कर्ष: डबा कोणी ठेवला ते कळू शकले नाही, मात्र लेबल अत्यंत व्यवस्थित होते.

वरिष्ठांनी अहवाल वाचला आणि लेबलवरचं अक्षर अहवालातल्या अक्षराशेजारी धरलं. पुढच्या आठवड्यापासून शुक्रवारचा स्टॉक आचारी मोजणार. माझ्यावरचा कामाचा ताण कमी करावा असं त्यांना वाटलं असेल.

जाता जाता म्हणाले, त्या दिवशी बिस्किटांचा एकही पुडा परत आला नाही, एरवी तुमची निम्मी ताटं परत येतात. आजारी माणसाला भूक नसते, हे यांना कोण समजावणार?

रविवार, १४ एप्रिल.
उंदीर नाहीत. मफलरला उपास घोषित केला. पोटाला विश्रांती मिळेल.

संध्याकाळी फोनवर सगळं खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. 'हे बघ, तुझा साप मरतोय' एवढं वाक्य तयार होतं. तिने आधीच सांगितलं की हल्ली तुमच्या फोनची वाट बघते. मग म्हणालो, आज दोन खाल्ले.

फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन ओकलो. पोटात काहीच नव्हतं.

रविवार, २१ एप्रिल.
उपास चालू. सहा दिवस उरले. त्याच्या पेटीसमोर बसलो. तो जीभ काढून बघतो. मला त्याची किळस येते, अजून येते, खोटं कशाला लिहू. पण हा मेला तर ती टोपली उचलून मैत्रिणीकडे जाईल, आणि पुन्हा 'आईला फोन दे'. मेलास तरी चालेल, पण मे महिन्यानंतर.

शुक्रवार, २६ एप्रिल. दुपारी.
शेवटचा उपाय. स्टॉक मोजायचा नव्हता, अर्धी रजा टाकली. प्राण्यांच्या दुकानात जाऊन उंदीर मागितला, पावतीसाठी नाव सांगितलं. दुकानदार म्हणाला, तुमच्याकडच्या वहिनी सकाळीच घेऊन गेल्या. म्हटलं, दुसरं कोणी असेल. माझी बायको उंदराचं नाव काढलं तरी घर सोडते. एक गोठवलेला घेतला.

घरी आलो. लेकीच्या खोलीचं दार लोटलेलं, खुंटीवरची किल्ली जागेवर नाही. आधी उंदीर लपवावा म्हणून फ्रीजर उघडला, मटारामागचा आइस्क्रीमचा डबा बाजूला केला. खडखडला. आइस्क्रीम खडखडत नाही.

झाकण काढलं. तीन उंदीर. प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेले, प्रत्येकावर तारीख.

झाकणावर आतून कागद चिकटवलेला. हिचं अक्षर. तारीख, काय दिलं, किती परत आलं, अगदी मी आखतो तसे रकाने. मफलर: ८ मार्च, एक, परत काही नाही. १५ मार्च, एक, परत काही नाही. २२ मार्च, तेच. सगळे शुक्रवार.

त्याखाली दुसरा तक्ता. वर लिहिलंय 'हे'. १० मार्च, दुपार, जेवले नाहीत. १५ मार्च, अर्धं परत. ३१ मार्च, पाऊण परत. १४ एप्रिल, पूर्ण परत, उलटी.

उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

खोलीत गेलो. ही खाली बसलेली, हातात माझाच चिमटा, चिमट्यात कोमट उंदीर, नजर खिडकीबाहेर. मफलरने एका झटक्यात उचलला. पाच सेकंद. आठ आठवडे मी ज्यासाठी रक्त आटवलं ते पाच सेकंदांत.

विचारलं, हे कधीपासून. म्हणाली, तुम्ही पहिला उकळलात त्याच दिवशी लेकीला फोन केला होता. तिने सांगितलं, कोमट दे. पुढे म्हणाली, बाबांना काही बोलू नकोस, ते रोज फोन करतायत. तुमचे उंदीर नकोत म्हटलं होतं, उंदीर नकोत असं नव्हतं म्हटलं.

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. फडशा पाडला तेही. दोन खाल्ले तेही.

मी म्हणालो, पण मी नियमाप्रमाणे देत होतो. तर म्हणाली, अहो, तुम्ही सगळ्यांनाच मरेस्तोवर शिजवून घालता, म्हणून ताटं परत येतात. एवढंच म्हणाली आणि चिमटा धुवायला गेली.

बावीस वर्षं. साडेतीनशे ताटं. गुणाकार केला नाही.

रविवार, २८ एप्रिल.
लेक काल आली. मफलरला गळ्यात घेऊन म्हणाली, जरा जाडच झालाय. मग माझ्याकडे पाहिलं आणि बोलायचीच थांबली. गळ्यातला साप तसाच ठेवून मला वजनकाट्यावर उभं केलं. सहा किलो कमी.

पूर्ण सुट्टी घरी राहणार आहे. आईला एकटीला दोघांचं बघणं जमायचं नाही, म्हणाली.

फ्रिजवर नवा कागद लागला आहे. बाबा. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. कोमट द्यावं. जबरदस्ती करू नये. खाताना टक लावून बघू नये.

दुपारी टेबलावर बसलो. दोघी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या. भाजी संपवली, डाळ संपवली. हिने डब्याच्या झाकणावरच्या कागदावर लिहिलं. मफलरच्या खाली.

बटाटा तेवढा परत गेला. तो मी उकडला होता.